‘बॅटरी’ नावाचा दिवा : स्वस्त विजेरीचा इतिहास आणि तिच्या सेलांचे मोल

मराठीच्या वह्या तपासताना ज्या ‘चुका’ हमखास दुरुस्त केल्या जातात, त्यांत एक ठरलेली आहे. मुलगा निबंधात लिहितो, ‘आजोबा बॅटरी घेऊन रानात गेले.’ गुरुजी ‘बॅटरी’खाली तांबडी रेघ ओढतात आणि वर ‘विजेरी’ असे लिहितात. फारच उदार असतील तर ‘टॉर्च’ चालवून घेतात. युक्तिवाद असा की, बॅटरी म्हणजे आतले सेल. ज्या वस्तूतून उजेड पडतो तिला बॅटरी कसे म्हणायचे? आम्ही विद्यार्थिदशेत ही रेघ सोसली आहे आणि पुढे अध्यापक झाल्यावर ती ओढलीही आहे. प्रस्तुत लेख ती रेघ मागे घेण्यासाठी लिहीत आहोत.

निमित्त अगदी साधे घडले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बाजारातून चार प्रकारच्या स्वस्त एलईडी विजेऱ्या विकत आणल्या आणि पाऊस संपेपर्यंत त्या आलटून पालटून वापरल्या. यांपैकी कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न होता. परंतु त्याचे उत्तर शोधताना असे ध्यानात आले की, ही वस्तू जन्मल्यापासून एकाच अडचणीशी झगडत आली आहे आणि ती अडचण उजेडाची नाही. म्हणून आधी इतिहास आणि मग बाजार, असा क्रम धरतो.

१. पाच नावे

एकाच वस्तूला निरनिराळे समाज काय नावे देतात, यावरून त्यांना तिच्यात काय दिसले ते कळते. इंग्लंडने तिला ‘टॉर्च’ म्हटले. म्हणजे हातातल्या मशालीची जुनी आठवण कायम ठेवली. अमेरिकेने ‘फ्लॅशलाइट’ म्हटले; म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा. हे नाव तिच्या गुणावरून नव्हे, उणिवेवरून पडले, हे पुढे येईलच. आपल्याकडे जुन्या पिढीत ‘चोरबत्ती’ हा शब्द रूढ होता. तो गुजरातीतही आहे. ही बत्ती चोराला शोधणारी की चोराने बाळगायची, याचा निवाडा शब्द करीत नाही. मात्र रात्रीच्या भयाशी तिचे नाते आहे, एवढे तो सांगतो. ‘विजेरी’ हा घडवलेला आणि देखणा शब्द; त्यात विजेचा उल्लेख आहे. आणि बोलीने या सर्वांना डावलून तिला ‘बॅटरी’ म्हटले.

मूळ इंग्रजी शब्द तोफखान्यातला. ओळीने मांडलेल्या तोफांच्या संचाला बॅटरी म्हणत. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मध्ये विद्युतभार साठवणाऱ्या काचपात्रांच्या संचासाठी तो वापरला आणि तेथून तो विजेच्या परिभाषेत आला. म्हणजे काटेकोर अर्थाने एकटा सेल ही बॅटरी नव्हेच. सेलांचा संच ही बॅटरी. आता मराठी बोलणारा माणूस काय करतो ते पाहा. दोन-तीन सेल एकामागे एक भरलेल्या नळीला तो ‘बॅटरी’ म्हणतो आणि आतल्या एकेका नगाला ‘सेल’. इंग्रजी व्यवहारात एकट्या पेन्सिल सेललाही बॅटरीच म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर आपल्या आजोबांची भाषा अधिक शुद्ध ठरते.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वस्तू एकदा विकत घेतली जाते. सेल मात्र पुन:पुन्हा विकत घ्यावे लागतात. ज्यावर पैसा खर्च होतो, जे ऐन वेळी दगा देते आणि ज्याची काळजी वाहावी लागते, त्यावरून वापरणाऱ्यांनी वस्तूला नाव दिले, असे आम्हांला वाटते.

२. क्षणभर चमकणारा दिवा

हातात धरण्याजोगा विजेचा दिवा शक्य झाला तो कोरड्या सेलमुळे. फ्रेंच संशोधक जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये सिद्ध केलेला सेल काचेच्या बरणीत द्राव भरून केलेला होता. तो आडवा करता येत नसे. जर्मनीच्या कार्ल गास्नरने १८८६ मध्ये त्या द्रावाचे दाट मिश्रण करून ते जस्ताच्या डबीत बंद केले. सेल आता कसाही धरला तरी सांडत नव्हता. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १० जानेवारी १८९९ रोजी, डेव्हिड मिसेल याला अमेरिकेत एका नळीच्या आकाराच्या विद्युतदीपाचे पेटंट मिळाले. कागद व तंतूंची नळी, तिच्यात एकामागे एक सेल, पुढे लहानसा बल्ब आणि पितळेचा ओबडधोबड परावर्तक, अशी ती रचना. हे पेटंट ज्या कंपनीकडे गेले तिचा मालक कॉनरॅड ह्यूबर्ट हा मिन्स्कहून आलेला स्थलांतरित होता. काही दिवे न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिले गेले आणि त्यांनी दिलेली प्रशस्तिपत्रे जाहिरातीस उपयोगी पडली.

हा दिवा सलग जळत नसे. बल्बमधली कार्बनची तार ऊर्जा फार खाई आणि सेल लवकर थकत. म्हणून कळ क्षणभर दाबायची, पाहायचे आणि सोडायची. ‘फ्लॅश’ हे नाव त्यातून आले. पुढे १९१०च्या सुमारास टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले आणि दिवा बराच सुधारला. सेलचे मूळ स्वरूप मात्र तेच राहिले.

ते स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. साध्या जस्त-कार्बन सेलमध्ये बाहेरची जस्ताची डबी ही एकाच वेळी भांडेही असते आणि इंधनही. मधोमध कोळशाची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड. सेल वापरला जातो तसतशी डबी आतून खाल्ली जाते. शेवटी तिला छिद्र पडते आणि आतले क्षार पाझरून विजेरीची स्प्रिंग गंजवतात. सेल सलग वापरला की आतली रासायनिक क्रिया मागे पडते आणि दाब उतरतो. विश्रांती मिळाली की काही अंशी सावरतो. उष्णतेने ही क्रिया थोडी जलद होते. आपल्या घरोघरी मेलेले सेल उन्हात वाळत घातले जात, ती केवळ भाबडी समजूत नव्हती. उन्हाने नवी ऊर्जा येत नसे. आत अडकलेली थोडीशी बाहेर पडे. एका रात्रीपुरते काम भागे.

३. भारतातले घर आणि भोपाळ

ह्यूबर्टची अमेरिकन एव्हर रेडी कंपनी १९१४ मध्ये नॅशनल कार्बन कंपनीने घेतली आणि १९१७ मध्ये नॅशनल कार्बन ही युनियन कार्बाइड या नव्या समूहाचा भाग झाली. भारतात या उद्योगाची नोंदणीकृत कंपनी १९३४ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली. तीच पुढे युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड म्हणून ओळखली गेली. सेलांचे कारखाने निघाले, लखनौला विजेऱ्यांचा कारखाना निघाला. नऊच्या आकड्यातून उडी घेणारी मांजर खेड्यापाड्यांत पोहोचली. मांजरीला नऊ जन्म असतात ही इंग्रजांची समजूत. आपल्याकडे तिचा मागमूस नाही. तेव्हा त्या चित्राचा श्लेष बहुसंख्य गिऱ्हाइकांना कधी उलगडलाच नसेल. त्यांना ती नुसती खुणेची मांजर होती.

या काळातल्या विजेरीभोवती एक आचारसंहिताच तयार झाली होती. दोन सेलची, तीन सेलची, पाच सेलची अशी तिची प्रतवारी असे आणि लांबीवरून घराची ऐपत कळे. कारण तारेच्या बल्बला जास्त उजेडासाठी जास्त दाब लागतो आणि जास्त दाबासाठी ओळीत जास्त सेल. मागच्या झाकणात स्प्रिंगशेजारी एक जादा बल्ब जपून ठेवलेला असे. प्रवासाला निघताना एक सेल उलटा घालून ठेवायचा, म्हणजे पिशवीत कळ दाबली गेली तरी दिवा लागायचा नाही. मुलांनी विनाकारण भिंतीवर उजेड पाडला तर ‘सेल उतरतील’ म्हणून मार मिळे. उजेड हा मोजून वापरायचा पदार्थ होता.

या इतिहासातले सर्वांत काळे पान येथेच वळते. ज्या कंपनीचे सेल घराघरांत होते, तिचाच भोपाळला कीटकनाशकांचा कारखाना होता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री तेथून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्याहून कितीतरी अधिक जन्मभराची आजारी झाली. पुढे १९९४ मध्ये अमेरिकन कंपनीने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा कलकत्त्याच्या मॅक्लिऑड रसेल कंपनीला विकला आणि कंपनीचे नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. हिश्शाच्या विक्रीतून आलेला पैसा भोपाळमधल्या रुग्णालयासाठी वापरला गेला.

हे येथे सांगण्याचे कारण सनसनाटी निर्माण करणे हे नाही. सेल तयार करणारा रसायन-उद्योग आणि शेतावर फवारले जाणारे विष एकाच छत्राखाली वाढले, ही वस्तुस्थिती आहे. आपल्या हातातल्या स्वस्त उजेडाच्या मागे एक कारखाना असतो, त्या कारखान्याच्या भिंतीला लागून कोणाची तरी वस्ती असते. वस्तूंचा इतिहास लिहिताना ही भिंत वगळता येत नाही.

४. दिवा सुटला, गाठ राहिली

एलईडीचा जन्म तसा जुना. निक होलोन्याकने १९६२ मध्ये तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. पण तांबडे व हिरवे ठिपके खुणेपुरते. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि तो तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांच्या प्रयत्नांतून तो साध्य झाला; नाकामुरांचा तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये जाहीर झाला. १९९६ मध्ये निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रस्फुरकाचा थर देऊन पांढरा एलईडी बाजारात आला. या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिला पांढरा एलईडी एका वॅटमागे सुमारे ५ ल्युमेन देई, म्हणजे जवळपास तारेच्या लहान बल्बाइतकाच. आज शंभराच्या वर ल्युमेन देणारे एलईडी अत्यंत स्वस्त विजेऱ्यांतही असतात.

बल्ब उडणे ही घटनाच इतिहासजमा झाली. झाकणातला जादा बल्ब नाहीसा झाला. योगायोग असा की, या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्र भारनियमनाचे दीर्घ तास भोगत होता, तेव्हाच या विजेऱ्या आठवडी बाजारात, रेल्वेच्या डब्यात, किराणा दुकानाच्या दोरीवर लटकू लागल्या.

परंतु पांढऱ्या एलईडीची एक अट आहे. त्याला साधारण तीन व्होल्टच्या वर दाब लागतो. त्याहून कमी दाबाला तो मिणमिणतो आणि अडीचच्या आसपास जवळजवळ विझतोच. एका साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट. स्वस्त विजेऱ्यांचे सगळे प्रकार म्हणजे या एका अंकगणिताची निरनिराळी उत्तरे आहेत. मिसेलच्या दिव्यापुढचा प्रश्न सव्वाशे वर्षांनी तसाच उभा राहिला : उजेड देणारे तयार आहे, त्याला पोसायचे कसे?

५. चार विजेऱ्या

पहिली : अॅल्युमिनियमची बुटकी नळी, पुढे नऊ बारीक एलईडी, आत तीन बारीक सेल. ती दुकानात सर्वांत झगझगीत दिसते, आणि यातच तिची खोच आहे. तीन सेल मिळून साडेचार व्होल्ट होतात. एलईडीच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त. प्रवाहावर खरे नियंत्रण नसतेच. ताजे सेल घालताच एलईडीवर अतिरिक्त भार पडून लखलखाट होतो आणि मग उजेड झपाट्याने उतरत जातो. दुकानात पाहिला तो पहिल्या पाच मिनिटांचा उजेड. पुढे मंद प्रकाश मात्र बराच काळ रेंगाळतो, हा तिचा गुण.

दुसरी : जुन्या वळणाची, दोन मोठ्या सेलांची, बल्बच्या जागी एकच एलईडी. दोन सेलांचे तीन व्होल्ट होतात, म्हणजे कशीबशी गरज भागते. आत दाब वाढवणारे मंडल नसेल तर सेलात बरीच ऊर्जा शिल्लक असतानाच दिवा मंदावतो. मंडल असेल तर हीच विजेरी सर्वांत काटकसरी ठरते. दुकानात हे ओळखण्याचा एक उपाय आहे : घरून थोडे वापरलेले सेल घेऊन जावे आणि ते घालून पाहावे. आमच्या विजेरीत मंडल होते. त्याच दोन सेलांवर तिने अख्खा पावसाळा काढला.

तिसरी : भिंतीत खुपसून चार्ज करायची प्लास्टिकची. आत चार व्होल्टचा शिसे-आम्ल सेल, कायमचा बंद. विकत घेताना ही स्वस्तात स्वस्त, कारण सेल विकत घ्यावे लागत नाहीत. पण शिसे-आम्ल सेल उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला की त्याच्या पट्ट्यांवर क्षारांचा कठीण थर बसतो आणि तो पुन्हा भरत नाही. अडीअडचणीसाठी घेतलेली वस्तू स्वभावतःच पडून राहते. नेमके तेच तिला मानवत नाही. दुसरे असे की, अशा पुष्कळ विजेऱ्यांत रोहित्र नसते, केवळ एका धारित्रातून घरातला प्रवाह कमी केलेला असतो. त्यामुळे भिंतीत असताना आतले भाग जिवंत असतात. चार्ज होत असताना ती हाताळू नये, लहान मुलांपासून दूर ठेवावी. आमची तिसरी विजेरी भाद्रपदात एका रात्री एकाएकी गेली. उघडता येत नाही, सेल बदलता येत नाही.

चौथी : लिथियम-आयन सेलची, पुढे-मागे सरकणाऱ्या भिंगाची, मोबाइलच्या चार्जरवर चालणारी. हा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आला आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच सेलमधून ३.७ व्होल्ट मिळतात. एलईडीची गरज आणि सेलचा दाब प्रथमच नीट जुळले. उजेडात हिच्याशी बाकीच्या तिघींची तुलना नाही. सावधगिरी सेलवरच्या आकड्यांबाबत बाळगायची. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. वेष्टनावर नऊ हजार नऊशे लिहिलेले असेल तर ते खोटे समजावे आणि जो एवढे खोटे लिहितो त्याने सेलमध्ये संरक्षक मंडल बसवले असेल, असेही गृहीत धरू नये.

विजेरीच्या डब्यावरचे दावे तपासण्यासाठी २००९ मध्ये अमेरिकेत एक मानक ठरले. त्यात उजेड दिवा लावल्यानंतर तीस सेकंदांनी मोजतात; उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे दिव्याचा टिकाव; आणि जेथे उजेड पाव लक्सवर येतो तेथपर्यंत त्याचा पल्ला. पाव लक्स म्हणजे सुमारे पौर्णिमेचे चांदणे. अभियंत्यांनाही अखेर चंद्राचाच दाखला घ्यावा लागला! ‘शंभर तास टिकेल’ असे वाचले की त्यातले शेवटचे अनेक तास दहा-पंधरा टक्के उजेडाचे असू शकतात, हे लक्षात ठेवावे.

सेलांच्या निवडीबद्दल थोडे. जस्त-कार्बन सेल स्वस्त, पण जास्त प्रवाह मागितला की लगेच थकतो; घड्याळाला, रिमोटला ठीक. अल्कलाइन सेल लुईस उरी याने १९५०च्या दशकात विकसित केला. तो महाग, पण विजेरीसारख्या कामात किमतीच्या फरकाहून जास्त टिकतो. तोही विसरला की पाझरतो; सांडलेला पांढरा थर लिंबाच्या रसाने पुसावा. रोज वापर असेल आणि चार्जर घेण्याची तयारी असेल तर निकेल-मेटल हायड्राइड सेल सर्वांत परवडतात. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असतो, पण तो शेवटपर्यंत स्थिर राहतो आणि ते शेकडो वेळा भरता येतात. मात्र साधे सेल नुसते ठेवले तरी महिना-दोन महिन्यांत उतरतात. २००५ पासून मिळणारे कमी उतरणारे सेल घ्यावेत. आणि कोणताही सेल असो, विजेरी महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर सेल काढून ठेवावेत. सेल उलटा घालणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नसे.

६. रानातली रात्र

एवढ्या किरकोळ वस्तूची एवढी चिकित्सा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर शहरात मिळत नाही. शहरात मोबाइलचा दिवा पुरतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे शेतीपंपाची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळत आली. दिवसा वीज मिळावी ही त्याची जुनी मागणी आहे आणि सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये त्याच मागणीपोटी आली. रात्री बारा-एकला वीज येते, पंप सुरू करून दारे धरायला उसात शिरावे लागते. मण्यार रात्रीच हिंडते. घोणस बांधावरच्या पाचटात दिसत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज मांडला; त्यांत बहुतेक ग्रामीण. तेथे विजेरी हे सुखसोयीचे साधन नाही. पाऊल कोठे टाकायचे ते ती सांगते.

अशा माणसाला कोणती विजेरी द्यावी? एकाएकी विझणारी देऊ नये, हा आमचा पहिला निष्कर्ष. तारेचा बल्ब पिवळा पडत पडत विझे; तो इशारा होता. बंद पेटीतली विजेरी हा इशारा देईलच असे नाही आणि तिच्यात नवा सेल घालण्याची सोयही नाही. जिचे मागचे झाकण उघडते, जिच्यात गावच्या दुकानात मिळणारा सेल बसतो, ती थोडी मंद असली तरी चालेल. लिथियमची घ्यायची तर सेल काढता येणारी घ्यावी आणि खिशात दुसरी साधी ठेवावी.

दुसरा निष्कर्ष कचऱ्याचा आहे. झाकण न उघडणारी विजेरी मेली की शिशासकट उकिरड्यावर जाते. भारतात २००१ चे नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते; २०२२ च्या नव्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. उसाच्या फडात मेलेली विजेरी त्या उत्पादकापर्यंत कशी पोहोचायची, हे मात्र पाहावे लागेल. भोपाळच्या भिंतीची आठवण येथे पुन्हा होते.

एलईडी हजारो तास जळतो. सेल आजही मरतो. म्हणून विजेरी पारखायची तर पुढे डोळे दिपवणाऱ्या उजेडाकडे न पाहता मागचे झाकण फिरवून पाहावे. निबंध लिहिणाऱ्या त्या मुलाच्या आजोबांना हे ठाऊक होते आणि त्यांनी वस्तूला नाव त्याच बाजूने दिले होते. इत:पर आमच्या तपासणीत ‘आजोबा बॅटरी घेऊन रानात गेले’ या वाक्याला पूर्ण गुण मिळतील.